हद्दीचा तक्ता बुडाला आणि राजियांचा आवाज परत आला, त्याची हकीकत

श्री ॥ हरवले ते सापडवून देणाऱ्या गजाननास नमन करोन लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमीचे दिवशी राज्यावर बहुत अरिष्ट गुदरले.

राज्यास राजे दिनकरराव. पूर्वी एसटी स्थानकावर गाड्या पुकारीत, आणि आवाज ऐसा की निजला प्रवासी ताडकन उठोन नेमक्या गाडीत बसे. मग कंठास दुखणे जडले, शस्त्रक्रिया जाहली, प्राण राहिला आणि आवाज गेला. तेव्हापासोन स्वारी पाटीवर लिहून हुकूम करिते. परंतु त्याआधी कन्यारत्न कस्तुरी हिने राजियांचे बोलणे टिपोन एका हार्ड डिस्कवर ठेविले होते, आणि दुसरी नक्कल कोठेही नव्हती.

खंडेनवमीस आपापली शस्त्रे घासूनपुसून पूजेस मांडावी हा राज्याचा रिवाज. राणीसाहेबांनी शिवणयंत्र पुसले, आणि ज्येष्ठ पुत्र ओजसराव यांचे मनी आले की आपण संगणक उजळावा. मग संगणकाच्या लिनक्स नामे प्रणालीत शिरोन, जुनी रिकामी डिस्क समजोन, नेमक्या त्याच डिस्कवर नवा कोरा तक्ता लिहिला. कोणता मुलूख कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे त्या तक्त्यात असते. तो बुडाला आणि आवाजाचा मुलूख दिसेनासा जाहला.

"दादा, काय केलंस तू हे?" "अगं, सणाची साफ केली." "भांडं आहे का ते, घासायला!" ओजसरावांचे तोंड उतरले. म्हणाले, "थांब, नवीन विभाग पाडून फॉरमॅट मारतो, येईल सगळं." आणि हात घातला, तो राणीसाहेबांनी डिस्कवर हळदकुंकू वाहिले, झेंडू ठेविला, आणि राजियांनी पाटी उचलिली: 'पूजा झाली. उद्यापर्यंत शस्त्रास हात नाही.' कन्या रडकुंडीस आली. "बाबा, अहो तुमचाच आवाज आहे त्यात!" राजियांनी क्षणभर गळ्यावर हात ठेविला, मग पाटी पुसून तीच अक्षरे पुन्हा लिहिली, अधिक ठळक.

मग तो दिवस कैसा गेला ते सांगता पुरवत नाही. कोणास पुरणपोळी गोड लागेना. मोबाईलची पूजा कोणी केली नव्हती, म्हणोन कन्येने त्यावर वाचिले, आणि कळले ते ऐसे: तक्ता गेला तरी मुलूख जागीच असतो, मात्र त्यावर नवे काही लिहिले की नांगर फिरला! "दादा, तू फॉरमॅट मारला असतास ना, तर संपलंच होतं."

दसऱ्यास शस्त्रे मोकळी जाहली. कन्येने मामांची मोठी डिस्क आणोन आधी सगळ्याची हुबेहूब नक्कल उतरविली, आणि मग नकलेवर टेस्टडिस्क नामे आज्ञावलीचा हेर सोडिला. हेर जुन्या हद्दी धुंडीत चालिला, आणि पहिली खूण खोटी निघाली, आणि दुसरीही खोटी. "काहीच नाही का गं?" "आई, बोलू नकोस ना, शोधतोय तो." इतक्यात पडद्यावर हिरवी ओळ उमटली, आणि मुलूख उघडला, आणि फाइली जागच्या जागी! कन्येने पहिली लाविली.

"कस्तुरे, पंखा बंद कर गं, घरघर येतेय त्यात. केलास? हं. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."

राणीसाहेबांनी पदर तोंडास लाविला. राजियांनी पाटी घेतली, लिहिले, आणि ओजसरावांसमोर धरिली: 'ऐकलंस ना? पंखा.'

ओजसराव उठोन पंखा बंद करोन आले, आणि मग सर्वांनी ऐकिले.

सारांश, गेला मुलूख हाती आला तो हात आवरिला म्हणोन. आता आवाजाच्या नकला मामांकडे आणि आत्याकडेही आहेत. ही हकीकत ओजसरावांस दर खंडेनवमीस, शस्त्रे घासण्याआधी, वाचोन दाखवावी, ऐसी राजाज्ञा आहे.