टोचून घेण्यास पात्र

१९३६च्या उन्हाळ्यात नाशकात पटकीची साथ आली. निवडणूक तोंडावर असल्यामुळे साथ ताबडतोब मान्य करण्यात आली. लस पाचशे जणांपुरती, माणसं हजारो. तेव्हा कुणावर अन्याय नको म्हणून साथनिवारण समितीनं मतदारयादीप्रमाणे टोचायचं ठरवलं.

खलील विणकराचं नाव यादीत नव्हतं. मत मिळावं इतका कर भरायची त्याची ऐपतच नव्हती. त्याच्या गल्लीतून आठवड्यात सात मयती निघाल्या होत्या, आणि घरी सहा वर्षांची मासूमा होती. बायकोमागे त्याला तेवढंच माणूस उरलं होतं. तो समितीच्या कचेरीत गेला. कारकून देवरामभाऊंनी त्याला आस्थेनं बसवून यादी दाखवली. तीत अकरा जण केव्हाच वारलेले होते, पण मतदाराचा हक्क डावलता येत नाही म्हणून त्यांचीही लस राखून ठेवली होती.

"मला नका टोचू, साहेब. पोरीला तेवढी टोचा," खलील म्हणाला.

"मतदाराच्या पोरांना मिळते की. तुम्ही आधी मतदार व्हा. पुढची यादी निघेल तेव्हा अर्ज करा."

"तवर पोरगी राहील का?"

देवरामभाऊंनी खेदानं सांगितलं की तो प्रश्न या टेबलाचा नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली कचेरीपुढे येऊन बसली. समितीनं जमाव राजकीय ठरवला आणि पोलीस मागवले. साथीच्या माणसांत शिरायचं म्हणून पोलिसांना आधी टोचलं. त्यात मेलेल्या मतदारांचीही लस संपली. आता लस फक्त तुरुंगात उरली होती. तिथं नियमानं प्रत्येक कैद्याला टोचत, हे एका शिपायानंच सांगितलं. खलीलनं मासूमाला कडेवर घेतलं आणि कचेरीची काच फोडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोलिसांनी त्याला धरलं आणि मासूमाला शेजारच्या सलिमाकडे सोपवलं.

तुरुंगाच्या दारात डॉक्टरनं त्याची बाही वर केली.

"ही सुई माझ्या पोरीला द्या," खलील म्हणाला.

"तिनं गुन्हा काय केलाय?" डॉक्टरनं विचारलं आणि टोचलं.

मासूमा गुरुवारी गेली. शुक्रवारी गल्लीनं कचेरी पेटवली. शनिवारी वर्तमानपत्रात कचेरीची बातमी आली, मासूमाची आली नाही. ती वाचून आपण म्हणालो, या लोकांना प्रत्येक गोष्टीत राजकारणच सुचतं. आणि टोचलेला दंड चोळत पान उलटलं.