मागच्या दाराचा वयोगट

“सर, मागचं दार कोणत्या वयोगटासाठी आहे?”

“हिंमत असेल तर विचारून दाखव,” असं मैत्रिणी म्हणाल्या, आणि ताईसाहेबांनी (वर्गात हेच नाव, अलीकडे त्यांना कंठ फुटला होता ना!) शाळेच्या भर सभागृहात उभं राहून विचारून दाखवलं.

व्यासपीठावर मुलांच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर ‘सर्व मुलांना समान आरोग्य’ या विषयावर बोलत होते. समता ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच ती यायला वेळ लागतो आणि तोवर तिच्यावर भाषणं करावी लागतात. दवाखान्याने मात्र वेळ दवडला नव्हता. सगळ्या खुर्च्या एका उंचीच्या केल्या होत्या (लहानांचे पाय लोंबकळतात, मोठ्यांचे गुडघे हनुवटीला टेकतात, गैरसोय दोघांची सारखीच). भिंतीवर जिराफ रंगवला होता. त्याच्या मानेखाली उंची भरली तर मूल, वर गेली तर मोठं माणूस. मधल्या वयाच्यांनी किंचित वाकावं, अशी सूचना होती. वाफेचा मास्कसुद्धा सगळ्यांना एकाच मापाचा. समता शंभर टक्के साधली होती. आत आधी कोण जाणार, एवढा किरकोळ तपशील तेवढा उरला होता.

त्या तपशिलासाठी मागचं दार होतं.

ताईसाहेबांना ते चांगलंच ठाऊक होतं. त्यांना दमा, आणि मोठे डॉक्टर म्हणजे बाबांचे वर्गमित्र. बाबांनी फोनवर म्हणायचं, “अरे, आपली मुलगी आहे,” की शिपाईकाका जनरेटरशेजारचं दार उघडणार. बाकावरच्या शेजारणीला, म्हणजे चिमणीला, दमाच. पण तिची आई तिला घेऊन उजाडल्यापासून पुढच्या दाराशी रांगेत. श्वास तपासायची खोली जेवणाच्या सुट्टीला बंद व्हायची, ती नेमकी चिमणीचा नंबर आला की. मग “उद्या या.” चिमणी उद्या गेली, परवा गेली, तेरवाही गेली. आणि गेल्या आठवड्यात खेळाच्या तासाला तिचे ओठ निळे पडले.

मोठे डॉक्टर प्रश्न ऐकून दिलखुलास हसले. “हुशार आहे मुलगी! बाळा, ते दार सर्व वयोगटांसाठी खुलं आहे. फक्त आपुलकी हवी.”

टाळ्या कडाडल्या. चिमणीने तेवढ्या वाजवल्या नाहीत. तिला खोकल्यातून सवड नव्हती.

घरी बाबा फोन हातात घेऊनच बसले होते. “उद्या तुझी तपासणी ना? सांगून ठेवतो.”

“नको. मी रांगेत उभी राहणार.”

“शाब्बास!” बाबांना भरून आलं. “समता अशी घरापासून सुरू व्हायला हवी. अगं ए, पुढच्या दारावर आपल्या ओळखीचं कुणी आहे का?”

“माझ्या मावसभावाची मेव्हणी केसपेपर काढते,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “सांगते तिला, पोरीला रांगेतच घ्या, पण जरा लवकर घ्या.”

(आपल्याला हसू आलं असेल. हरकत नाही. आपल्या फोनमध्ये असा ओळखीचा नंबर कोणत्या नावाने आहे, एवढं मात्र हसून झाल्यावर बघावं.)

ताईसाहेबांनी दोघांचं बोलणं पुरं होऊ दिलं.

“ठरलंय माझं. बाबा, फोन कराच तुम्ही. ‘आपली मुलगी’ म्हणून चिमणी जाईल मागच्या दाराने. तिच्या जागी पुढच्या दाराशी मी थांबते, ‘उद्या या’ म्हणेपर्यंत. मग उद्या, परवा, तेरवा जाईन... अहो, असे बघताय काय दोघं? सगळं समानच आहे ना? मग घाबरताय कशाला?”