यानिनाचा झगा

झगा म्हटलं की माझ्यापुढे कुणी बोलायचं नाही. इतौगुआ गावात माझ्याइतका जुना शिंपी नाही. त्यामुळे नात यानिना ब्वेनोस आइरेसहून फोनवर म्हणाली, "आजोबा, माझ्या पंधराव्या वाढदिवसाला स्किन कराल?" तेव्हा मी हो म्हणून टाकलं आणि स्किन म्हणजे काय ते नंतर विचारलं.

स्किन म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळातल्या आपल्या बाहुल्याचा पोशाख, तोंडासकट. तिच्या मैत्रिणी अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे, म्हणून समारंभ खेळातच होता. आमच्याकडे पंधराव्या वाढदिवसाला मुलगी पहिला वॉल्ट्झ, म्हणजे जोडीचा नाच, बापाबरोबर नाचते; तिचा बाप हयात नाही. म्हणून तो माझ्याबरोबर ठरला होता आणि एवढा प्रवास माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. हा नाच चुकवणं मला परवडणारं नव्हतं.

तिने नमुना पाठवला. डोकं, छाती, पाठ, बाह्या, सगळे चौकोन सुटे मांडलेले. हे तर कटिंगच की! तीन दिवसांत यानिनाचा चेहरा आणि गुलाबी झगा, आमच्या गावच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या न्यांदुती लेससकट, रंगवून पाठवला. लगेच फोन आला.

"आजोबा, अंगभर फटी पडल्यात. कमरेतून पलीकडचं झाड दिसतंय."

"फटी कसल्या? माया सोडलीय. शिवणीत जाईल. थोडी जास्तच ठेवलीय, वाढत्या अंगाची आहेस."

"इथे शिवण नसते हो."

"मग तुकडे एकमेकांना धरून राहतात कशाने?"

शेवटी मी चौकोन काठापर्यंत रंगवून माया भरून काढली. गिऱ्हाईक समोर नसलं की मी कपडा पुतळ्यावर चढवून बघतो. खेळात माझं बाहुलं रिकामंच उभं होतं, त्याच्यावर चढवला. फाइलीला 'यानिना, शनिवार' असं नाव दिलं, दुकानात चिठ्ठी टाचतो तसं. काम पोचलं, असं मी समजलो.

शनिवारी संध्याकाळी खेळात शिरलो. त्यात आपल्याला जग दिसतं, आपण स्वतः दिसत नाही. वीसेक बाहुल्या माझ्याभोवती उड्या मारू लागल्या. इथली माणसं म्हाताऱ्यांना एवढा मान देतात, हे बघून मी भारावलो. मग ब्रूनो नावाचा एकजण पुढे आला आणि त्याने लिहिलं, "सहावीपासून तू मला आवडतेस."

मी चक्रावलो. लिहिलं, "बाळा, मी एकाहत्तर वर्षांचा आहे."

तेवढ्यात साध्या विजारीतलं एक बाहुलं धावत आलं. "आजोबा, माझा झगा तुमच्या अंगावर आहे!"

पोरीचा दिवस मी नासवला होता. "काढतो," म्हटलं.

"काढता येतो तुम्हाला?"

"नाही."

"मग असेच या." तिने वॉल्ट्झ लावला. झगेवाला मी, म्हणून मला फिरवायचं काम तिनेच केलं. ती हसत होती, मी इकडे डोळे पुसत होतो.

लेकीने, यानिनाच्या आईने, त्या नाचाचा फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावलाय. झगा फार सुंदर आलाय. पाहुणे विचारतात, यानिना कुठली? आणि लेक विजारीवालीकडे बोट दाखवते.