उलट्या बाजूचं सॉकेट

टेलरने सॉकेट बसवलं, नट आवळला, वरून दोन ट्यूबांचा गोंद कालवून लावला आणि हात झटकत म्हणाला, "झालं! पाच मिनिटांनी हे हत्तीच्या बापालाही निघायचं नाही."

हे वाक्य त्याला फार महागात पडलं.

काम तसं साधं होतं. बायको जाऊन दहा महिने झाले होते. तिच्या गिटारच्या जुन्या ॲम्प्लिफायरमधलं यंत्रही मागोमाग गेलं. पण लाकडी खोकं आणि आतला स्पीकर ठणठणीत होता. आज सहा वाजता लेक आईची गिटार घेऊन पहिल्यांदाच लोकांसमोर बसणार होती. यंत्र तिने नवीन, डब्याएवढं आणलं होतं. आवाज मात्र आईच्याच स्पीकरमधून यायला हवा, हा तिचा हट्ट. त्यासाठी खोक्याच्या मागच्या पातळ फळीला भोक पाडून नव्या यंत्राच्या वायरीच्या पिनेसाठी सॉकेट बसवायचं आणि दोन वायरी स्पीकरला जोडायच्या. बस.

"भावोजी, इलेक्ट्रिशियनला बोलवा," मोठ्या मेव्हणीने सकाळीच सांगितलं होतं.

"ताई, तीस वर्षं काजं करतोय मी. हे पण एक काजच."

चार वाजता लेक पिन घेऊन आली. फळी जागेवर धरून तिने वाकून पाहिलं. "बाबा, पिन कुठे घालू?"

"ते काय, पितळेचं दिसतंय."

"ते शेपूट आहे. तोंड आत गेलंय, स्पीकरकडे."

टेलर मटकन खाली बसला. टेलर खडूची खूण कापडाच्या उलट्या बाजूला करतो, शिवतोही उलट्या बाजूने, आणि शेवटी कपडा सुलटा करतो. सवयीने त्याने फळीलाही तेच केलं होतं. आतून खूण, आतून भोक, आतून नट.

"घ्या!" मेव्हणी म्हणाली. "आता पोरीलाच खोक्यात बसवा. आतून लावेल पिन."

पक्कड झाली, हातोडी झाली. गोंद दिल्या शब्दाला जागला. दुसरं सॉकेट आणलेलंच नव्हतं.

"हॉलमधला स्पीकर वापरते," लेक हळूच म्हणाली. "चालेल बाबा."

हे 'चालेल' त्याला चांगलंच झोंबलं. गिऱ्हाईक 'चालेल' म्हणतं तेव्हा कपडा बिघडलेला असतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"फळीच उलटी लावू," तो ताडकन उठला. "तोंड आपोआप बाहेर!"

तोंड बाहेर आलं. वायरी जोडल्या. पण फळीची भोकं आता खोक्याच्या भोकांशी जुळेनात. स्क्रू आत शिरेनात. नवी भोकं पाडावीत, तर ड्रिल शेजारच्या सुताराचं, आणि तो ते घेऊन कामावर गेलेला.

पावणेपाच वाजले होते. टेलरने गळ्यातली टेप काढली आणि खोक्याचं माप घेतलं. छाती, कंबर.

"हे काय आता?" मेव्हणीने कपाळाला हात लावला.

"कोट."

अर्ध्या तासात जाड कॅनव्हासच्या दोन पट्ट्या शिवून तयार झाल्या. एक स्पीकरच्या वर, एक खाली. दोन्हींना मागे बकल. करकचून आवळल्या तशी फळी घट्ट बसली. लेकीने तार छेडली. फळी मधमाशीसारखी गुणगुणली.

"आत अस्तर पाहिजे," टेलर म्हणाला आणि हँगरवरच्या एका कोटाचे खांदे उसवून त्यातले पॅड त्याने फळीखाली कोंबले.

"अहो, कुणाचा कोट तो?"

"दोन वर्षं न्यायला न आलेल्याचा. आला तर सांगू, खांदे पाडून हिंडायची फॅशन आहे."

हॉलमध्ये साउंडवाल्याने खोक्याभोवती एक चक्कर मारली. "काका, पेटी आहे की कमरेचं ऑपरेशन झालेला पेशंट?"

"पिन लाव," टेलर म्हणाला.

पडदा सरकला. लेकीने डोळे मिटून पहिला सूर छेडला आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत भरून गेला. जाडसर, उबदार, थोडा खरखरता. तोच. मेव्हणीने पदर तोंडाला लावला. साउंडवाला खोक्यामागे वाकून बकलं चाचपू लागला, मग लगबगीने टेलरजवळ आला.

"काका, आमच्या पेट्या उघडायच्या म्हणजे प्रत्येक वेळी आठ-आठ स्क्रू. असे पट्टे चार पेट्यांना शिवून द्याल?"

"काय?" आवाजात टेलरला काही ऐकू येईना.

"पेट्या दुकानात घेऊन या," मध्येच मेव्हणी गरजली. "आमचे भावोजी घरी येऊन माप घेत नाहीत!"

टेलर अजून कानामागे हात धरून होता. नीट बोलता यावं म्हणून साउंडवाल्याने स्टेजकडे वळून आवाज कमी करण्याची खूण करायला हात उचलला. टेलरने तो हात वरच्या वर पकडला.

"कमी नको! पंचवीस वर्षं हिच्या आईला मी 'कमी कर, कमी कर' सांगत आलो." त्याने डोळे पुसले आणि भर हॉलमध्ये उभा राहून ओरडला, "पोरी, वाढव!"