नागदरवाडीची आबिजान वेळ

शासकीय ई-मेल आणि कॅलेंडर प्रत्येक अधिकाऱ्याच्या मोबाईलवर समक्रमित असलेच पाहिजे, असे परिपत्रक निघाले, तेव्हा उमरगा तालुक्यातील नागदरवाडीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉ. राजेश्वरी बिराजदार एका अडलेल्या म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभ्या होत्या. परिपत्रकाला शुक्रवारपर्यंतची मुदत होती. म्हशीने मुदत दिलेली नव्हती. सबब त्यांनी म्हैस आधी निकाली काढली.

मग हात धुऊन त्यांनी फोन हाती घेतला. फोनने नाव विचारले, संकेतशब्द विचारला आणि वरिष्ठांना वाटेल तेव्हा फोन कोरा करण्याची अनुमती मागितली. सर्व पायऱ्या चढून झाल्यावर ‘आपण समक्रमित आहात’ अशी ग्वाही उमटली. परिपत्रकाचे सातवे कलम असे होते : कागद व कॅलेंडर यांत विसंगती आढळल्यास कॅलेंडर ग्राह्य धरावे, कॅलेंडर व घड्याळ यांत विसंगती आढळल्यास घड्याळ दुरुस्त करून घ्यावे. सूर्याचा उल्लेख नव्हता. तो बहुधा आस्थापनेवर नसावा.

त्याच आठवड्यात ओढ्यापलीकडच्या दोन गावांत लाळ-खुरकूत शिरली. नागदरवाडीत चारशे बारा जनावरे होती. त्यांपैकी एक म्हैस आणि दोन बैल विठाबाईंचे. त्या रोज दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसू लागल्या.

“डॉक्टरीणबाई, लस कवा येती? पल्याडची जनावरं फेस गाळायलीत. माजी बैलं गेली तर म्या पेरणी काय माज्या हातानं ओढू?”

“मंगळवारी सकाळी आठ वाजता. पत्र आलंय.”

मंगळवारी देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला. लोकांनी दिसतील ती जनावरे आणून बांधली. आठ वाजले, नऊ वाजले, साडेदहाला जनावरे हंबरू लागली. उपाशी जनावराला शासकीय अडचण समजावून सांगता येत नाही. लोकांनी दावी सोडली आणि जनावरे माळावर गेली. दीडला पाच मिनिटे कमी असताना लसीची गाडी आली. बर्फाची पेटी घेऊन पशुधन पर्यवेक्षक गुंडाप्पा उतरले.

“गुंडाप्पा, वेळ आठची होती.”

“फोनमदी दीड हाय, मॅडम. आमी तर पाच मिनटं आदीच आलो.”

“आणि हे पत्र?”

“पत्र समक्रमित न्हाय.”

“मग सकाळी फोन केला होता, तेव्हा तरी निघायचं.”

“कॅलेंडरच्या आदी निघालो तर निघाल्याचं धरत न्हाईत, मॅडम. मागल्या हप्त्यात म्या एका गावाला खरंच जाऊन आलो. गैरहजेरी लागली.”

गुंडाप्पांनी अहवाल भरला : ‘लाभार्थी जनावरे अनुपस्थित.’

विठाबाईंनी तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, “जनावरं चरायला जात्यात बाबा. हापिसाला न्हाईत जात.”

डॉ. राजेश्वरी विज्ञानाच्या माणूस होत्या. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी मागील नऊ नोंदी पत्रांशी ताडून पाहिल्या. प्रत्येकीत फरक साडेपाच तासांचाच. गोंधळ इतका शिस्तीचा नसतो. त्यामागे कारण असते. त्यांनी जिल्ह्याच्या समक्रमण कक्षात फोन लावला. तेथे बालाजी नावाचे तंत्र सहायक होते.

“बालाजीराव, खातं उघडताना घड्याळासाठी गाव कोणतं निवडलंत?”

“यादीत धाराशिव न्हाय, मॅडम. जुनं नाव बी बघितलं, ते बी न्हाय.”

“कोलकाता असेल ना? अख्ख्या भारताची वेळ त्याच नावानं असते.”

“हाय की. पण आपला जिल्हा कोलकात्यात येत न्हाय. खोटी माहिती कशी भरायची?”

“मग भरलंत काय?”

“काईच न्हाय. पैलंच नाव हुतं, आबिजान, ते तसंच ऱ्हायलं.”

“आबिजान आफ्रिकेत आहे!”

“असंल. पण ते आपुन निवडलेलं न्हाय ना, मॅडम. निवडलं की जबाबदारी येती.”

याप्रमाणे एक अख्खा जिल्हा कोणाच्याही सहीशिवाय साडेपाच तास पश्चिमेला सरकला होता. कार्यालयातून सकाळचे आठ टाकले जात. ते आठ आबिजानचे ठरत आणि भारतात पोहोचेपर्यंत त्यांचा दुपारचा दीड होई. डॉ. राजेश्वरींनी तक्रार आकृतीसह पाठवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. सर्व अधिकारी समक्रमित वेळेवर उपस्थित राहत असून आपण एकट्याच साडेपाच तास अगोदर हजर राहिल्याचे निदर्शनास आले आहे. या बेशिस्तीचा खुलासा करावा. शिवाय स्थान आता बदलल्यास मागील सर्व हजेऱ्या गैरहजेऱ्या ठरतील, त्यामुळे दुरुस्ती जनहिताची नाही.

रोग ओढ्याच्या अलीकडे आला होता. तत्त्वासाठी भांडायला त्यांच्यापाशी फार तर आठवडा होता आणि लसीला लागणार होता एकच दिवस. त्यांनी आठातून साडेपाच वजा केले आणि लेखी विनंती पाठवली : नागदरवाडीचे दोन्ही डोस पहाटे अडीच वाजता ठेवावेत.

पहाटे अडीच का, हे कोणीही विचारले नाही. अर्ज विहित नमुन्यात होता.

गाडी सकाळी आठला हजर झाली. दुपारपर्यंत दोनशे अठ्ठ्याऐंशी जनावरांना लस टोचली गेली. उरलेली एकशे चोवीस सहालाच रानात गेली होती. त्यांत विठाबाईंचे बैल होते. ते शेजाऱ्याच्या औताला जुंपले होते.

“म्हशीला टोचलं, बैलं ऱ्हायली,” विठाबाई म्हणाल्या. “रोगाला बैलं दिसत न्हाईत व्हय?”

“महिन्यानं गाडी पुन्हा येते. तेव्हा धरून ठेवा.”

जिल्ह्याच्या कार्यालयात मात्र आनंदीआनंद होता. पहाटे अडीचला दोनशे अठ्ठ्याऐंशी जनावरे! डॉ. राजेश्वरींचा खुलासा दप्तरी दाखल करून त्यांना प्रशस्तिपत्र देण्यात आले. ‘नागदरवाडी पॅटर्न’ जिल्हाभर लागू झाला. कार्यशाळेत एका वक्त्याने पहाटे अडीचला जनावराची प्रतिकारशक्ती सर्वोच्च असते, असेही सांगितले. संदर्भ विचारता त्याने नागदरवाडीचाच दिला.

याच महिन्यात गावांची ती यादी अद्ययावत झाली आणि तीत धाराशिव आले. बालाजी प्रामाणिक होते. खरी माहिती उपलब्ध होताच त्यांनी ती त्याच दिवशी भरली. दुसऱ्या दिवशी मूळ अर्ज काढून नागदरवाडीचा दुसरा डोस कॅलेंडरात टाकला, पहाटे अडीच वाजता. अडीच म्हणजे आता अडीचच होते.

डॉ. राजेश्वरींच्या फोनवर निमंत्रण आले. त्यांनी ते न उघडता ‘स्वीकारले’ दाबले. त्यांना उघडून पाहण्याची गरज नव्हती; त्यांचा हिशेब पूर्वीच झाला होता.

ठरल्या दिवशी त्या सकाळी पावणेआठला गावात पोहोचल्या. चौकात एकही जनावर नव्हते. विठाबाई शेणाची पाटी घेऊन चालल्या होत्या.

“बैल कुठं आहेत? धरून ठेवा म्हटलं होतं ना?”

“औताला गेली की. टोचून झाल्यावं कशाला धरायची?”

“टोचून? कधी?”

“राती अडीचला. गुंडाप्पा आलते, गोठ्यागोठ्यानं हिंडून सगळ्यास्नी टोचून गेले. तुमचीच वाट बघत व्हते.”

“अहो, पण रात्री अडीचला जनावरं बांधली कोणी?”

विठाबाईंनी पाटी खाली ठेवली. शिकलेल्या बाईची कीव करावी की हसावे, हे त्यांना लवकर ठरवता येईना.

“बांधायची कशाला, बाई? राती जनावरं जात्यात कुठं?”

अहवाल दुपारी आला. चारशे बारापैकी चारशे बारा. अनुपस्थित : पशुवैद्यकीय अधिकारी, एक.

खुलासा मागवण्यात आला. डॉ. राजेश्वरींनी कागद पुढे ओढून ‘लसीकरणाची योग्य वेळ सकाळी आठ असून’ एवढे लिहिले आणि सवयीप्रमाणे या विधानाचा आधार शोधू लागल्या. तो सापडेना. आठची वेळ ज्या पत्रात होती, ते पत्र त्याच कार्यालयाचे होते. बरोबर वेळ आणि आपली वेळ एकच, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरले होते; इतर सारे तपासले, तेवढे तपासायचे राहिले.

खुलासा अद्याप अपूर्ण आहे. इथवर आठ वाजताच्या बाजूने वाचत आलेल्या ज्या सुजाण वाचकांपाशी तो आधार असेल, त्यांनी तो पुराव्यानिशी कळवावा. निव्वळ हसणे ग्राह्य धरले जाणार नाही.