सत्तावीस वर्षांच्या बैलाचा पट्टा

संदेशची पँट खाली आली तेव्हा हापशावर नेमक्या पाच बायका होत्या. तो घरामागच्या जांभळीच्या फांदीला लोंबकळत होता, कमरेच्या पट्ट्याला दोन विटा बांधलेल्या होत्या, आणि चौथ्या पुलअपला पट्ट्याचं बक्कल सुटलं. विटा पडल्या आणि त्यांच्यामागोमाग पँट गेली. फांदी सोडावी तर खाली विटा, न सोडावी तर समोर हापसा. बिचारा डोळे मिटून लटकत राहिला.

हौस म्हणून तो हे करत नव्हता. पोलीस भरतीत दहा पुलअप काढले की पूर्ण मार्क मिळत, आणि मागच्या भरतीत संदेश सहावर गळाला होता. तेवढ्याच मार्कांनी नाव यादीबाहेर राहिलं. यंदाची भरती शेवटची, कारण पुढच्या वर्षी वयाची अट त्याला फॉर्मच भरू देणार नव्हती. त्याच्यासोबत पळणारा रितेश मागच्या खेपेला लागला. त्यानेच सुट्टीवर आल्यावर गुपित सांगितलं होतं. "कल्याणच्या जिममधी कमरेला जाड पट्टा बांधतात, पट्ट्याला साखळी, साखळीला वजन. महिनाभर वजन घेऊन मार. मंग वजन सोडलंस का अंग कापसावानी वर जातं."

कल्याणची जिम संदेशच्या गावापासून, शेणव्यापासून, लांब. मग संदेशने घरच्या घरी शोध चालवला. बक्कलाचा निकाल हापशावर लागलाच होता. सुंभाची दोरी बांधली तर ती अशी काचली की दोन दिवस त्याला उकिडवं बसून जेवावं लागलं. आई, म्हणजे सुंदरा, हिने जुन्या लुगड्याचं धडपं कमरेला गुंडाळून दिलं. ते मऊ होतं, पण त्यात बांधलेला दगड झोके घेत गुडघ्यांवर आपटू लागला. त्यात पौषी पौर्णिमा आली, बैलबाजारासाठी गाजलेली म्हसाची जत्रा भरली, आणि संदेशच्या डोक्यात उजेड पडला. ज्या पट्ट्याने बैल आवरतो, त्याला वीस किलोचं काय कौतुक?

जत्रेत बैलांच्या साजाची दुकानं ओळीने लागली होती. एका म्हाताऱ्या कारागिराच्या पालापुढे संदेश थांबला. मांडलेल्या पट्ट्यांतला एक त्याने उचलला.

"तो नको," म्हातारा म्हणाला. "अरुंद पट्टा अंगात रुततो. चार बोटं रुंद घे, आतून मऊ कातड्याचा. आनि कडी बघ. शिवलेली कडी झटक्याला उसवते, रिबीट मारलेली घे. बैल केवढा हाय तुझा?"

पट्टा स्वतःसाठी आहे, असं भर जत्रेत सांगायची संदेशला लाज वाटली. "मध्यम," तो म्हणाला.

"गळा किती?"

संदेशने इकडेतिकडे पाहिलं, हळूच पट्टा स्वतःच्या कमरेभोवती लावून बघितला आणि म्हणाला, "एवढा."

म्हाताऱ्याने एकदा पट्ट्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. "मारका हाय काय?"

"नाय. गरीब हाय."

"मंग वढायला कसा?"

"सहापर्यंत बरा वढतो, मंग बसतो."

"वय काय त्याचं?"

"सत्तावीस," संदेशच्या तोंडून निघून गेलं.

म्हाताऱ्याने पट्टा खाली ठेवला. "सत्तावीस वर्सांचा बैल? पोरा, त्याला पट्टा नको. त्याला हार घाल आनि पाया पड."

शेवटी कान लाल करून संदेशने खरं सांगितलं. म्हातारा हसला नाही. कामाचा माणूस होता. त्याने संदेशला वळायला लावलं, दोन्ही बाजूंनी कमर मापली, पट्ट्याला पुढे दोन कड्या ठोकल्या आणि गुडघ्याच्या वर राहील एवढी साखळी तोडून दिली. "लांब साखळी झोके खाते," एवढंच बोलला. दुनियेत आपल्याला न हसणारा एक तरी माणूस भेटला, म्हणून संदेशला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

पण त्याच वेळी शेजारचा कोंडू तीन पालं सोडून उभा होता. त्याला बोलणं काही ऐकू गेलं नाही. संदेश बैलाचा पट्टा निवडतोय, एवढं दिसलं आणि तेवढं पुरे झालं. धाऊच्या, म्हणजे संदेशच्या बापाच्या, जोडीतला एक बैल मागच्या भादव्यात गेला होता, हे साऱ्या शेणव्याला ठाऊक होतं. म्हसाच्या जत्रेत बैलाचा पट्टा घेणाऱ्या माणसाने बैल घेतलेला असणार, यात शंका घ्यायला जागाच कुठे होती? कोंडूने पहिली जीप पकडली.

संध्याकाळी संदेश जीपमधून उतरला तर दारात ही गर्दी. धाऊने गोठा झाडून नवा खुंटा ठोकला होता. सुंदरा पाण्याचा तांब्या, कुंकवाचं ताट आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती, कारण नवं जनावर पाय धुतल्याशिवाय दारात घेत नाहीत. कोणी पेंढा आणला होता, कोणी पेंड. हौसा म्हातारी तर काठी टेकत वरच्या आळीतून खास आली होती.

"बैल मागनं चालत येतो काय रे?" धाऊने विचारलं. "हाकायला कोनाकडं दिलास?"

"बाबा, बैल नाय."

"नाय म्हंजे? कोंडूने डोळ्यांनी बघितला."

"मी पट्टा बघितला," कोंडू एक पाऊल मागे सरकला. "पट्ट्याच्या एका टोकाला बैल असतो, म्हनून बोललो."

संदेशने पट्ट्याभोवतीचा कागद सोडला आणि पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला. साखळी गुडघ्यांच्या वर लोंबली. धाऊ नव्या खुंट्याकडे बघत राहिला, आणि ते संदेशला शिव्यांपेक्षा जड गेलं.

हौसा म्हातारीच आधी बोलली. "ताट तसंच मागं न्यायचं नसतं गो सुंदरा. आला हाय त्याला ओवाळ."

सुंदराने खरंच संदेशच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि भाकरीचा तुकडा तोंडापुढे धरला. त्याने तो निमूट खाल्ला. पेंढा आणलेल्यांनी पेंढा तिथेच ठेवला. दिलेली वस्तू परत उचलायची रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत कोणीतरी बैलाला मारावी तशी संदेशच्या फऱ्यावर थाप मारली. धाऊ होता. नव्या बैलाला वळण लावायची त्याने मनाची पुरी तयारी केली होती, आणि ती वाया घालवणाऱ्यांतला तो नव्हता.

"उठ. नवं जनावर पयल्या आठवड्यात सैल सोडलं का पुढं हाताला लागत नाय."

"बाबा, आनि बैल?"

"बैल पुढं घेऊ. आधी तुला उभा करतो."

वजन म्हणून सुंदराने जात्याची वरची तळी काढून दिली. मधे भोक असल्याने साखळी त्यातून अशी ओवली गेली की जणू त्यासाठीच पाडलं होतं. "दळनाचं काय?" संदेशने विचारलं. "गिरनी कशाला हाय?" ती म्हणाली. भिजवलेले हरभरे, नाचणीची आंबील आणि रात्री अंगाला तेल, सगळं वेळच्या वेळी मिळू लागलं. गोठ्यातल्या बैलाने या काळात संदेशकडे जरा तिरकं बघायला सुरुवात केली होती, असं कोंडू सांगतो.

मोजायला मात्र धाऊ स्वतः बसे. गावातल्या खळ्यांवर भात मापायला त्यालाच बोलवत, कारण पायलीच्या काठावर दाण्यांचा ढीग, म्हणजे शीग, चढल्याशिवाय तो माप धरत नसे. तोच कायदा जांभळीखाली लागू झाला.

"दोन. तीन. तीन."

"बाबा, तीन झाला ना मगाशी."

"हनवट फांदीवर आली नाय. शीग नाय भरली. तीन."

असे धाऊचे सहा व्हायला संदेशला नऊ-दहा वेळा वर जावं लागे. तो चिडे, हात सोलून निघत, आणि पट्टा मात्र केसभर हलत नसे. भरतीच्या आदल्या दिवशीही धाऊची मोजणी सातावरच अडली. संदेश रात्रभर कूस बदलत राहिला.

ठाण्याच्या मैदानात त्याचा नंबर आला. पट्टा नाही, तळी नाही. पहिल्याच झटक्याला अंग इतकं वर गेलं की छाती दांड्याला लागली. कानात मात्र धाऊचीच मोजणी चालली होती. चौथ्या वेळी जरा कमी पडलं. सातव्याला आणि नवव्याला पण.

"दहा. उतर," मोजणारे फौजदार म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं.

"सायेब, सात झाले," संदेश दांडा धरूनच म्हणाला.

"काय?"

"तीन वेळा शीग नाय भरली."

फौजदारांनी चष्मा काढला. दहाचे बारा सांगणारे त्यांना रोज भेटत. "घरी कोण मोजतं रे तुझं?"

"बाबा."

"मग मार तीन. बघू."

संदेशने आणखी तीन मारले, हनवट नीट वर नेऊन. फौजदारांनी कागदावर दहाच लिहिले, कारण त्यापुढे कागदावर जागा नव्हती.

यादी लागली त्या दिवशी रितेशने फोन करून नाव असल्याचं कळवलं. संदेश धावत शेतावर गेला. धाऊ बांध घालत होता.

"बाबा, लागलो. पुलअपला पूर्ण मार्क. दहा."

धाऊने फावडं थांबवलं. "दहा? तुझे सात होत होते."

"सातच झाले होते. मी सायबांना तसंच सांगितलं. मंग परत तीन मारले."

संदेश वाकून त्याच्या चिखलाच्या पायांना लागला. "बाबा, तुमी होतात म्हनून," तो म्हणाला. धाऊने दोन्ही खांदे धरून त्याला उठवलं आणि तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले.

"मंग दहा बरोबर," तो म्हणाला.