उद्घाटनाआधीचं बाळंतपण

कोणत्याही लोकोपयोगी वस्तूचा उपयोग उद्घाटनानंतरच सुरू होतो. त्याआधी ती नुसती वस्तू असते.

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या दोन बाया दवाखान्याच्या वाटेवरच गेल्या. सरकारने तातडीने दखल घेऊन बाळंतिणींसाठी रुग्णवाहिका पाठवली. पांढरीशुभ्र! आरोग्य केंद्राच्या शेडमध्ये ती सात महिने उभी होती, आणि या काळात तिच्यात एकही बाई दगावली नाही. (एकही बसली नाही, पण आकडा तो आकडा.)

उद्घाटन चारदा पुढे गेलं. एकदा पाहुण्यांना सर्दी झाली, एकदा पाहुण्यांच्या कुत्र्याला, एकदा कात्री बोथट निघाली आणि एकदा पाहुणेच बदलले. लाल फीत मात्र दोन्ही आरशांना ताणून बांधलेली होती, आणि काचेवर लेखी आदेश: 'फीत कापेपर्यंत वाहन पुढे नेऊ नये.' ड्रायव्हर रोज आदेशासकट गाडी पुसायचा. इमान म्हणतात ते हे!

मंगळवारी भर दुपारी सुताराच्या बायकोला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. नर्सबाई म्हणाल्या, "हे इथे जमायचं नाही. मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोघंही हातची जातील."

"फीत आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, मग कापा की!"

"माझी नोकरी जाईल, बाई."

सुताराची आई पुढे झाली. "मला मेलीला वाचता येत नाही," ती म्हणाली, "पण मागे नेऊ नये, असं लिहिलंय का रे त्यात?"

ड्रायव्हरने आदेश दोनदा वाचला. तसं लिहिलं नव्हतं.

मग एकतीस किलोमीटर रिव्हर्समध्ये! तीन सायकलवाले खड्ड्यात गेले, ड्रायव्हरची मान कायमची वाकडी झाली, आणि आत सुतार घसा फोडून ओरडत होता, "दम धर गं, आलंच!" (मागच्या काचेतून दवाखाना आधी त्यालाच दिसणार होता.)

पुढे चौकशी समिती बसली. सहा बैठका, बावन्न पानी अहवाल: डिझेल किती जळलं, गिअर कोणता होता, फितीला सुरकुत्या किती पडल्या. फीत शाबूत राखल्याबद्दल ड्रायव्हरचं अभिनंदन.

मुलगी झाली. सुताराची बायकोही वाचली. अहवालात हे नाही, आणि तुम्हीही विचारलं नव्हतंत. फितीचं काय झालं ते मात्र मन लावून वाचलंत. समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करून टाका.